बॅकअप सिस्टीमच्या डेटाबेसचा मेंटेनन्स दिवसा करा, आणि व्हॅक्यूम फुल क्रॉनमधून काढा

प्रश्न थोडक्यात असा. मरोळमधल्या एका कंपनीत साठेक सर्व्हर आणि मशीनचा बॅकअप बॅक्युला या सॉफ्टवेअरवर चालतो; कुठली फाइल कुठल्या टेपवर गेली याची नोंदवही म्हणजे कॅटलॉग, तो पोस्टग्रेएसक्यूएल (पोस्टग्रे) या डेटाबेसमध्ये आहे. दर आठवड्याला फुल (सगळ्या फाइली), रोज इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या तेवढ्याच). एका फुलमध्ये मिळून 50 लाखांच्या आसपास फाइली. फाइल रिटेन्शन, म्हणजे फाइलची नोंद कॅटलॉगमध्ये ठेवायची मुदत, एक वर्ष. कॅटलॉग फुगत चाललाय, रात्रीचे जॉब सकाळी ऑफिस भरेपर्यंत रेंगाळतात, आणि एखादी फाइल परत आणायची तर फोल्डरची यादी उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. साहेब म्हणाले, ‘डीबी मेंटेनन्स लावा.’ म्हणून रविवारी पहाटे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) व्हॅक्यूम फुल (टेबल आवळणारी कमांड) आणि रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणारी) लावलं, तर शनिवार रात्रीचे फुल जॉब त्यातच अडकून बसले. मग वेळापत्रक आखायचं कसं? आणि यासाठी वेगळा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) ठेवावा का?

ती रविवारची क्रॉनची ओळ आधी काढा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

व्हॅक्यूम फुल अख्खं टेबल नव्या फाइलीत पुन्हा लिहून काढतं. ते चालू असेपर्यंत त्या टेबलावर पोस्टग्रेमधलं सगळ्यात कडक लॉक असतं. लिहिणं सोडाच, कुणाला वाचताही येत नाही. नवी प्रत पुरी होईपर्यंत जुनी जागेवरच असते, म्हणजे डिस्कवर तेवढी मोकळी जागाही हवी. एवढं करून हाती काय येतं? आवळून काढलेली जागा ऑपरेटिंग सिस्टीमला परत जाते आणि पुढच्या फुलला तुम्ही तीच पुन्हा मागून घेता. साधं व्हॅक्यूम ती जागा टेबलातच मोकळी करून ठेवतं, नव्या नोंदी तिथेच बसतात. ज्या टेबलात रोज लाखो नोंदी येतात आणि रोज लाखो जातात, त्याला हेच हवं असतं.

आणखी एक धोका आहे. मुंबईत वीज जात नाही असं मानणाऱ्यांनी 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवावी. ग्रिड कोसळलं आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. व्हॅक्यूम फुल मधोमध असताना सर्व्हर असा धाडकन बंद पडला तर पोस्टग्रे पुन्हा वर येतो, डेटाही शाबूत असतो. पण अर्धवट लिहिलेली नवी फाइल डेटा डिरेक्टरीत बेवारस पडून राहते आणि ती आपोआप साफ होत नाही. मग काही महिन्यांनी ‘टेबलं एवढी छोटी आणि डिस्क भरली कशाने’ असा शोध सुरू होतो. याच कारणासाठी, जॉब भराभर व्हावेत म्हणून कुणी एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करून ठेवलं असेल तर ते आजच चालू करा. वेग त्याने खरंच वाढतो, पण एकदा वीज गेली की कॅटलॉगच्या शाबूतपणाची हमी उरत नाही.

आता मूळ मुद्दा. मेंटेनन्स म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मध्यरात्र आणि रविवार बसलेला असतो, कारण ईआरपी किंवा टॅलीचा सर्व्हर दिवसा गजबजलेला असतो. बॅकअपचा डेटाबेस मात्र रात्रपाळीचा माणूस आहे. रात्री नऊपासून पहाटेपर्यंत तो घाम गाळत असतो आणि दुपारी त्याला फारसं काम नसतं. तुम्ही त्याला ऐन कामाच्या वेळी उठवून तपासायला बसवलंत, म्हणून अडकलं. याचा मेंटेनन्स दिवसा करायचा, तोही तुम्ही स्वतः जागे आणि ऑफिसात असताना. काही अडलं तर समोर बसून बघता येतं. रविवारी फोन आला की आधी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा आणि मग मरोळला पोहोचा, ही वरातही टळते.

दिवसातसुद्धा सकाळ नको. ‘काल फाइल होती, आज दिसत नाही’ हे फोन येतात ते दहा ते बारा. रिस्टोअरला फक्त वाचायचं असतं. साध्या व्हॅक्यूममुळे ते थांबत नाही, पण डिस्कवर झटापट होते. दुपारी दीडनंतरचा वेळ उत्तम.

आता जॉब का रेंगाळतात ते बघू, कारण त्याशिवाय वेळापत्रकाला अर्थ नाही. हिशेब कागदावर मांडा. वर्षभराचं फाइल रिटेन्शन आणि दर आठवड्याला फुल म्हणजे 52 गुणिले 50 लाख: फाइल टेबलात 26 कोटी नोंदी, तेही इन्क्रिमेंटल न धरता. एका नोंदीला साधारण दीडशे बाइट धरले तर सुमारे 39 जीबी, इंडेक्स वेगळे. या 26 कोटींतल्या बहुतेक नोंदी एकाच न बदललेल्या फाइलीच्या 52 प्रती आहेत. कुणा कर्मचाऱ्याने 2019 मध्ये स्कॅन करून ठेवलेल्या लीव्ह अँड लायसन्सच्या कराराची 52 आठवडे 52 वेळा नोंद. हे व्हॅक्यूमने सुटणारं दुखणं नाही.

बॅक्युलात तीन वेगवेगळी रिटेन्शन असतात आणि लोक ती एकाच आकड्यावर लावून मोकळे होतात. मूळ डिफॉल्ट बघा: फाइल 60 दिवस, जॉब 180 दिवस, व्हॉल्यूम (म्हणजे टेप) 365 दिवस. ही उतरंड विचार करून ठेवलेली आहे. फाइलची नोंद कॅटलॉगमधून प्रून झाली (मुदत संपून पुसली गेली) म्हणजे टेपवरचा डेटा गेला असं नाही. गेली ती सोय: यादीतून एकच फाइल निवडता येत नाही, पूर्ण जॉब परत आणावा लागतो किंवा टेप स्कॅन करून नोंदी पुन्हा भराव्या लागतात. जॉबची नोंद शिल्लक आहे तोवर कुठला बॅकअप कुठल्या टेपवर, हे कळतं. उलट बाजूने एक सावधगिरी: व्हॉल्यूमचं रिटेन्शन सगळ्यांत लहान ठेवलंत तर त्या टेपवरच्या जॉब आणि फाइलच्या नोंदी, त्यांची मुदत बाकी असली तरी, टेप फिरवताना निघून जातात.

तुमच्याकडे किती जुनी फाइल मागतात, हे मागच्या वर्षाची तिकिटं चाळून बघा. माझ्या बघण्यातल्या बहुतेक ऑफिसांत मागणी गेल्या दोन-तीन आठवड्यांतली असते, क्वचित गेल्या तिमाहीतली. 90 दिवस ठेवलेत तरी 13 फुल, म्हणजे साडेसहा कोटी नोंदी. त्याबरोबर महिन्यातून एक फुल, आठवड्याला डिफरेन्शियल (मागच्या फुलनंतर बदललेलं सगळं) आणि रोज इन्क्रिमेंटल असा बदल केलात तर फुलच्या नोंदी दोन कोटींच्या घरात येतात. कॅटलॉग एवढा उतरला की निम्म्या तक्रारी आपोआप थांबतील.

इथे अकाउंट्सवाले मध्ये पडणार. ‘आठ वर्षं ठेवायचं असतं, तुम्ही 90 दिवस काय म्हणता?’ त्यांचं बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतायत. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात; आणि 2022 च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा आहे, आधी नुसतं ‘ठरावीक काळाने’ असं होतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे, तेही वेगळं. यातलं काहीही ‘प्रत्येक फाइलची नोंद कॅटलॉगमध्ये आठ वर्षं ठेवा’ असं सांगत नाही. वर्षअखेरच्या हिशेबाच्या फुलसाठी वेगळा पूल (टेपांचा गट) करा. पूललाच स्वतःचं फाइल आणि जॉब रिटेन्शन देता येतं आणि ते क्लायंटच्या रिटेन्शनवर मात करतं. त्या पूलपुरतं आठ वर्षांहून थोडं जास्त ठेवा, बाकी सगळं 90 दिवसांवर आणा. शिवाय 31 मार्चनंतरच्या त्या टेपांबरोबर त्या दिवशीच्या कॅटलॉगचा डंपही (फाइलीत काढलेली पूर्ण प्रत) त्याच डब्यात ठेवा.

आता रोजचा क्रम. त्यातला एक भाग लोक हमखास उलटा लावतात.

रात्री नऊला जॉब सुरू. साठच्या साठ एकाच मिनिटाला सोडू नका. बॅक्युला फाइलींची माहिती जॉबभर साठवून ठेवतो आणि जॉबच्या शेवटी एकगठ्ठा कॅटलॉगमध्ये ओततो. स्टेटसमध्ये ‘डिर इन्सर्टिंग अ‍ॅट्रिब्यूट्स’ दिसतं ते हेच. त्या ओतण्यात नवे पाथ (फोल्डरचे पत्ते) घालताना तो पाथ टेबलावर लॉक घेतो, म्हणून एकाच सुमारास संपणारे जॉब एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहतात. डेटा टेपवर जाऊन अर्धा तास झाला तरी जॉब संपत नाही याचं कारण बहुधा इथे असतं, नेटवर्कमध्ये नाही. सुरुवातीच्या वेळा दहा-पंधरा मिनिटांनी सरकवा, आणि सगळ्यांत जास्त फाइली असलेला फाइल सर्व्हर एकटाच शेवटी येईल असं बघा.

याच लॉकमुळे रात्री हाताने किंवा क्रॉनने व्हॅक्यूम चालवायचं नसतं, अगदी साधंसुद्धा. साध्या व्हॅक्यूमचं लॉक आणि बॅक्युलाचं पाथवरचं लॉक एकत्र नांदत नाहीत. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रे स्वतःहून चालवतो ते व्हॅक्यूम, शहाणा आहे. कुणी त्याच्यामुळे खोळंबलं की तो स्वतःचं काम रद्द करून बाजूला होतो, ट्रान्झॅक्शन आयडी संपायला आले असतील तेवढा अपवाद. तुमचं हाताने चालवलेलं व्हॅक्यूम बाजूला होत नाही. ते पुरं होईपर्यंत जॉब थांबतात.

पहाटे शेवटचा जॉब संपला की लगेच कॅटलॉगचा डंप. प्रून त्यानंतर, दुपारी. लोक आधी ‘साफसफाई’ करून मग डंप घेतात, म्हणजे डंप छोटा होतो. पण प्रूनची कमांड चुकून भलत्या क्लायंटवर गेली तर सकाळचा डंप हाच आधार असतो. शिवाय प्रून झालेल्या टेपा पुन्हा वापरल्या जातात त्या रात्री. डंप सकाळी, प्रून दुपारी, टेप फिरणार रात्री, असा क्रम असला की मधले सहा-सात तास चूक सुधारायला मिळतात. आयबीएमच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये याच हेतूने ‘रीयूज डिले’ नावाची सेटिंग आहे: रिकामी झालेली टेप काही दिवस हात न लावता ठेवायची, म्हणजे जुना कॅटलॉग परत आणावा लागला तर तो ज्या टेपकडे बोट दाखवेल तिच्यावर दरम्यान दुसरं काही लिहिलं गेलेलं नसेल. 

डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये ‘बॅकअप कॅटलॉग’ नावाचा जॉब प्रायॉरिटी 11 ने येतो, बाकीचे 10 ने, म्हणजे बाकी सगळे संपल्यावर तो धावतो. कल्पना चांगली आहे, पण एखादा जॉब ‘टेप घाला’ म्हणत अडकून बसला की कॅटलॉगचा बॅकअपही त्याच्यामागे अडकतो, आणि नेमक्या अशा गडबडीच्या दिवशी कालचाच डंप हातात राहतो. प्रत्येक जॉबला कमाल वेळेची मर्यादा घाला. आणि त्या जॉबवर अवलंबून न राहता सकाळी साडेसहाला क्रॉनमधून एक स्वतंत्र डंप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर पाठवा. बॅक्युलाचा स्वतःचा डंप जॉब संपल्यावर पुसला जातो, त्यामुळे टेपवरच्या प्रतीखेरीज हाती काही उरत नाही. आणि ती प्रत कुठल्या टेपवर आहे हे सांगणारा कॅटलॉगच गेलेला असतो. यासाठी बूटस्ट्रॅप फाइल असते, कुठला बॅकअप कुठल्या टेपवर हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती रोज मेलने स्वतःला आणि आणखी एका सहकाऱ्याला जाऊ द्या, कंपनीच्या त्याच मेल सर्व्हरवर नाही.

डंपची स्क्रिप्ट लिहिताना एक बारीक खोच. पीजी डंपचं (डंप काढणारी कमांड) आउटपुट पाइपमधून जीझिपला (फाइल आवळणारी कमांड) देता तेव्हा स्क्रिप्टला दिसणारा निकाल जीझिपचा असतो. डिस्क एरर येऊन पीजी डंप मध्येच मेला तरी जीझिप जेवढं मिळालं तेवढं नीट गुंडाळून ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि सकाळचा मेल हिरवा येतो. बॅशमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर स्क्रिप्टला कळतं. त्यावर आणखी एक तपासणी ठेवा: साध्या टेक्स्ट डंपच्या शेपटाकडे ‘पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट’ अशी ओळ असते. ती सापडली तरच जुना डंप पुसायचा. मी 14 दिवसांचे डंप ठेवतो. जागा फार लागत नाही.

ही दुसरी मशीन कुठे असावी? त्याच रॅकमध्ये नको, त्याच इमारतीतही नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मरोळच्या शेजारून मिठी वाहते, एवढं पुरे. तुमची सर्व्हर रूम चौथ्या मजल्यावर असली तरी जनरेटर आणि इलेक्ट्रिक पॅनल तळमजल्यावर असतात. वाशी किंवा पुण्याच्या शाखेत एक साधी मशीन चालेल. जून ते सप्टेंबर टेपा न्यायला येणारा माणूस एखाद्या दिवशी पोहोचणार नाही हे धरूनच चाला. डंप मात्र लाइनवरून जातो, त्याला पाऊस आडवा येत नाही.

‘आमच्याकडे रेप्लिका आहे’ (डेटाबेसची सतत जुळवून ठेवलेली दुसरी प्रत) असं कुणी म्हणेल. असू द्या. चुकीचं प्रून रेप्लिकावर सेकंदाभरात पोहोचतं.

दुपारी दीडला प्रून. क्लायंटमधलं ऑटोप्रून बंद करा, नाहीतर प्रत्येक जॉबच्या शेवटी, म्हणजे बाकीचे जॉब नोंदी ओतत असताना, हा नोंदी पुसत बसतो. त्याऐवजी अ‍ॅडमिन प्रकारचा एक जॉब करा आणि त्यात मुदत संपलेल्या नोंदी व व्हॉल्यूम प्रून करायच्या कमांड घाला. एवढ्या एका बदलाने रात्रीचे जॉब बऱ्यापैकी हलके होतात.

अडीचला साधं व्हॅक्यूम, अ‍ॅनालाइझसकट (डेटाची आकडेवारी ताजी करणारी कमांड), फाइल, पाथ आणि जॉब या तीन टेबलांवर. तेव्हा डंप चालू नसावा. डंप म्हणजे एक लांबलचक ट्रान्झॅक्शन, आणि तो सुरू असताना पुसलेल्या नोंदी व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत. रोज ऑटोव्हॅक्यूम असताना हे कशाला, तर त्याचं डिफॉल्ट गणित मोठ्या टेबलांना मानवत नाही. टेबलातल्या 20 टक्के नोंदी मेल्या (पुसल्या गेल्या) की तो जागा होतो. 26 कोटींच्या टेबलात म्हणजे 5 कोटी 20 लाख मेलेल्या नोंदी साचेपर्यंत तो ढुंकूनही बघत नाही. आणि जागा झाला की त्याच्या हाती डिफॉल्टने 64 एमबी मेमरी. आवृत्ती 16 पर्यंत एका मेलेल्या नोंदीचा पत्ता 6 बाइट घेतो, म्हणजे एका फेरीत 1 कोटी 10 लाखांच्या आसपास. 5 कोटी 20 लाखांसाठी सगळे इंडेक्स पाच वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचे. दिवस दिवस चालणारं ऑटोव्हॅक्यूम दिसतं ते यामुळे. फाइल टेबलापुरता हा 20 टक्क्यांचा आकडा 2 टक्क्यांवर आणा, ऑल्टर टेबलने एकाच टेबलाला तो देता येतो. मेंटेनन्स वर्क मेम (ही मेमरी ठरवणारी सेटिंग) 1 जीबी करा. 16 किंवा त्याआधीच्या आवृत्तीत त्याहून जास्त देऊन व्हॅक्यूमला फायदा होत नाही. 17 पासून ती मर्यादा गेली आणि हिशेबही सुधारला.

अ‍ॅनालाइझ विसरू नका. रिस्टोअरची यादी उघडायला चहाएवढा वेळ लागतो त्यात अर्धा वाटा नोंदींच्या संख्येचा आणि उरलेला बऱ्याचदा जुनाट आकडेवारीचा असतो. तिच्यामुळे प्लॅनर, म्हणजे शोध कसा घ्यायचा ते ठरवणारा पोस्टग्रेचा भाग, चुकीचा रस्ता धरतो. उरलंच तर फाइल टेबलावर कुणी जास्तीचे इंडेक्स लावून ठेवलेत का ते बघा. जुन्या आवृत्तीच्या काळात कुठेतरी वाचून लावलेले दोन-तीन इंडेक्स मला नेहमी सापडतात. प्रत्येक इंडेक्स म्हणजे रात्री 50 लाख नोंदी ओतताना तेवढं जादा काम.

रीइंडेक्स दर आठवड्याला मुळीच नको. इंडेक्स टेबलाच्या मानाने भलतेच फुगलेले दिसले तरच, आणि तेही ‘कन्करंटली’ लावून, आवृत्ती 12 पासून ते मिळतं. ते मध्येच तुटलं तर नावाला ‘सीसीन्यू’ शेपूट असलेला निकामी इंडेक्स मागे राहतो. तो काढून टाका. डीबीचेक (कॅटलॉग तपासायचं बॅक्युलाचं साधन) वर्षातून एकदा पुरे, सगळे जॉब थांबवून आणि आधी डंप घेऊन.

तिमाहीचं काम दोन. पहिलं, पोस्टग्रेची छोटी आवृत्ती. त्या ठरलेल्या वेळी येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. पुढच्या आठवड्यात एका दुपारी पॅकेज बदला, सर्व्हिस रीस्टार्ट करा, दहा मिनिटांचं काम. ऑगस्टची आवृत्ती गणपतीच्या आधी उरकून घ्या. निम्मी टीम कोकणात गेल्यावर नवीन काही सुरू करायचं नसतं. तसंच महिन्याची 11 आणि 20 तारीख जीएसटीच्या रिटर्नची. त्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी अकाउंट्सवाले रात्री उशिरापर्यंत बसतात, जॉब उशिरा संपतात. त्या दिवशी रोजचं सोडून काहीही लावू नका. मार्चचा शेवटचा आठवडा तर सोडूनच द्या.

दुसरं काम हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि तुमच्या प्रश्नात ते नव्हतंच: कॅटलॉग परत उभा करून बघणं. तो गेला आणि डंप चालला नाही तर टेपा स्कॅन करून नोंदी भराव्या लागतात. एलटीओ-8 ची टेप 12 टीबीची, वाचायचा वेग सेकंदाला 360 एमबी. पूर्ण वेगाने, कुठेही न अडखळता, एका टेपला सव्वानऊ तास. दहा टेपा असतील तर चार दिवस, आणि तोपर्यंत एकही फाइल नावाने शोधता येणार नाही. डंप असेल तर तेच काम काही तासांचं.

एक रिकामी व्हीएम (आभासी मशीन) घ्या. डेटाबेस बनवताना टेम्प्लेट झीरोवरून (पोस्टग्रेचा कोरा साचा) आणि एन्कोडिंग एसक्यूएल-आस्की. इथे नवखे लोक हटकून यूटीएफ-8 करतात, कारण बाकी सगळीकडे तेच बरोबर असतं. बॅक्युलाला फाइलचं नाव म्हणजे निव्वळ बाइट असतात. ‘वार्षिक सभा ठराव’ असं देवनागरी नाव यूटीएफ-8 मध्येही बसेल, पण वीस वर्षांपूर्वीच्या विंडोज मशीनवरून कॉपी होत आलेली एक विचित्र एन्कोडिंगची फाइल आली की नोंद घालणंच नाकारलं जातं. डंप भरा, किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मग डायरेक्टर (जॉब सोडणारा बॅक्युलाचा मुख्य भाग) सुरू करा, पण त्याआधी त्या कॉन्फिगमधलं प्रत्येक वेळापत्रक काढून टाका आणि व्हीएम वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. नाहीतर रात्री नऊला दोन डायरेक्टर एकाच टेप लायब्ररीवर हुकूम सोडायला लागतील. शेवटी एक जॉब निवडा, त्यातल्या एका फाइलपर्यंत जाऊन ती ज्या टेपवर असल्याचं कॅटलॉग सांगतो ती टेप खरंच कपाटात आहे का बघा.

सध्याचा फुगवटा एकदाच काढायचा आहे, तो असा काढा. रिटेन्शन 90 दिवसांवर आणा, पण प्रून एका झटक्यात करू नका. वीस कोटी नोंदी एकदम पुसल्या की पोस्टग्रेच्या बदलांच्या लॉगने डिस्क भरते. क्लायंटमागून क्लायंट, रोज दुपारी पाच-सहा, मध्ये व्हॅक्यूम. दोन आठवड्यांत होतं. मग टेबलात बरीच पोकळी राहील. ती काढायला एखाद्या शनिवारी दुपारी, जॉब थांबवून, डंप घ्या आणि त्याच सर्व्हरवर नव्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरा. टेबलं आणि इंडेक्स आटोपशीर होतात आणि परत उभा करायची तालीमही होऊन जाते. रिस्टोअरची यादी उघडून समाधान झालं की नावांची अदलाबदल करा. जुना डेटाबेस आठवडाभर पडू द्या.

रोज सकाळच्या मेलमध्ये चार आकडे येऊ द्या: शेवटचा यशस्वी डंप किती तासांपूर्वीचा, त्याचा आकार कालच्या तुलनेत किती, फाइल टेबलातल्या जिवंत आणि मेलेल्या नोंदी, आणि टेबल व इंडेक्स मिळून किती जीबी. शेवटचे दोन्ही पीजी स्टॅट युजर टेबल्स आणि आकाराच्या फंक्शनांमधून निघतात. डंपचा आकार एकाएकी निम्मा झाला तर त्या दिवशी दुपारचं प्रून थांबवा आणि आधी कारण शोधा.

राहिला डीबीएचा प्रश्न. साठ मशीनच्या कॅटलॉगसाठी पूर्णवेळ डीबीए नको, त्याला महिन्याभरात कंटाळा येईल. वर लिहिलेलं सगळं बॅकअप बघणाऱ्या माणसानेच करायचं आहे, कारण प्रून, टेप आणि व्हॅक्यूम यांचा क्रम त्यालाच कळतो. बाहेरून आलेला डीबीए डेटाबेस चकचकीत करून देईल आणि प्रून डंपच्या आधी लावून जाईल. साहेबांकडे पैसे मागायचेच असतील तर कॅटलॉगसाठी दोन चांगल्या एसएसडी आणि वाशीच्या मशीनसाठी मागा. मोठी आवृत्ती बदलायची वेळ येईल, पोस्टग्रेची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, तेव्हा दोन दिवसांपुरता जाणकार माणूस बोलवा, आणि त्याला यायच्या आधी ताजा डंप दुसऱ्या मशीनवर भरून दाखवा.